‘योजनेत बसत नाही’ हे लिहून मागा
वाचकांचे प्रश्न, रुग्णमित्राची उत्तरे

राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी, म्हणजे ठरावीक उपचार मोफत देणाऱ्या योजनेविषयी, या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि रुग्णालयांची ओळख मुद्दाम वगळली आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘आमचे योजनेत बसत नाही असे सांगितले’ हे वाक्य आहे. कोणी सांगितले, कोणत्या नियमाने सांगितले आणि कोणत्या कागदावर सांगितले, हे मात्र एकाही पत्रात नाही. माझी बहुतेक उत्तरे या न मिळालेल्या माहितीभोवतीच फिरतील.

प्रश्न : ताई, आम्ही आष्टी तालुक्यातले, दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातो. पौष महिन्यात फडातच वडिलांच्या छातीत दुखू लागले. जवळच्या शहरातील खासगी रुग्णालयात नेले, तेथे योजनेचा फलक होता. आमचे केशरी रेशनकार्ड गावी, कुलूपबंद घरात. ‘कार्ड नाही तर योजना नाही, शिवाय तुम्ही बीडचे, तुमच्या जिल्ह्यात जा’ असे सांगून साठ हजार डिपॉझिट भरून घेतले. ते पैसे मुकादमाकडून उचल म्हणून घेतले. अँजिओप्लास्टी झाली, वडील बरे आहेत. ‘चांगल्या प्रतीचा’ स्टेंट म्हणून वरचे पैसे वेगळे घेतले. हे पैसे परत मिळतील का?

उत्तर : वडील बचावले ही पहिली गोष्ट, आणि त्यासाठी आपण त्या वेळी पैसे भरले यात आपली काहीच चूक नाही. छातीत दुखणारा बाप समोर असताना कोणीही नियम विचारत बसत नाही, आणि कोणी बसूही नये.

आपल्याला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मात्र चुकीच्या होत्या. योजना जिल्ह्याला बांधलेली नाही. बीडच्या शिधापत्रिकेवर राज्यातील कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेशी करार केलेल्या रुग्णालयात, उपचार मिळतात. कार्ड हातात नसणे हेसुद्धा तातडीच्या रुग्णाला परत पाठवण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण अशा वेळी दूरध्वनीवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर ठरलेल्या मुदतीत सादर करण्याची सोय योजनेच्या रचनेतच आहे. रुग्णालयाच्या आवारात योजनेचा जो कक्ष असतो, तेथे बसणाऱ्या आरोग्यमित्राचे हेच काम आहे. ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबे, मेंढपाळ अशा सहा-सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही सोय हाच योजनेचा खरा आधार आहे, आणि नेमकी तीच त्यांना सांगितली जात नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

आता पैशांविषयी. ही योजना रोकडरहित आहे. आधी खर्च करून नंतर सरकारकडे बिल पाठवावे आणि रक्कम खात्यावर यावी, अशी तिची पद्धत नाही. म्हणून योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे केवळ पावत्या पाठवून भरपाई मागितली तर ती मिळणार नाही. परंतु रुग्णालय अंगीकृत असताना, उपचार यादीत असताना आणि कुटुंब पात्र असताना रुग्णाकडून पैसे घेणे हा कराराचा भंग आहे, आणि त्याविरुद्धची तक्रार ही वेगळी गोष्ट आहे. अशा तक्रारीत घेतलेली रक्कम परत करायला लावणे, दंड करणे, इतकेच नव्हे तर रुग्णालयाचे अंगीकरण काढून घेणे, इथपर्यंत कारवाई होऊ शकते.

यासाठी पहिल्यांदा एक शोध घ्या. वडिलांची नोंद रुग्णालयाने योजनेत केली होती की नाही? काही ठिकाणी गावाहून कार्डाचा फोटो मागवून रुग्णाची नोंद योजनेत केली जाते, सोसायटीकडून पॅकेजची, म्हणजे त्या उपचारासाठी ठरलेली, रक्कम घेतली जाते, आणि रुग्णाकडूनही पैसे घेतले जातात. डिस्चार्जच्या कागदावर योजनेचा क्रमांक आहे का ते पाहा. कागद अपुरे दिले असतील तर संपूर्ण केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. स्टेंटच्या वेष्टनावरचे स्टिकर सहसा केसपेपरला चिकटवलेले असते, त्याचीही प्रत घ्या. योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, शरीरात बसवायचे साहित्य, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडेसुद्धा धरलेले असते, त्यामुळे स्टेंटचे ‘वरचे’ पैसे हा प्रकारच तेथे बसत नाही. योजनेबाहेरसुद्धा स्टेंटच्या कमाल किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून केंद्र सरकारचे नियंत्रण आहे.

मग तक्रार करा. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, आणि त्याच मजकुराचा लेखी अर्ज, पावत्यांच्या प्रतींसह, ज्या जिल्ह्यात ते रुग्णालय आहे तेथील योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे द्या. अर्जाची प्रत तेथील जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा. फोन सुटा राहिला तर तो विसरला जातो, कागद विसरता येत नाही. पैसे पावतीशिवाय दिले असतील तर ते कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या खिडकीवर आणि कोणासमोर दिले, हे आजच लिहून काढा. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची त्याच्या वहीतली नोंदही, तो द्यायला तयार असेल तर, पूरक पुरावा म्हणून जोडा. रक्कम नक्की मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. ज्यांच्याकडे पावती आणि योजनेची नोंद असे दोन्ही कागद होते, त्यांना पैसे परत मिळालेले मात्र मी पाहिले आहेत.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, वय ७२. आमचे रेशनकार्ड पांढरे असल्याने योजना लागू नाही, असे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी चौकशी करताना समजले. हे खरे आहे काय?

उत्तर : हे कधी काळी खरे होते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या आणि एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या केशरी शिधापत्रिकांसाठी होती. एप्रिल २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, तेव्हा तिच्यात शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांचाही समावेश होता. कोल्हापूर जिल्हा त्या चौदांत नव्हता. जुना नियम लोकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्याही डोक्यात घट्ट बसला आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे, म्हणजे पांढरे कार्डवालेही, योजनेत आले आणि प्रति कुटुंब प्रतिवर्ष संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये झाले. चौकशीला जाताना त्या निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवा.

आपल्यासाठी आणखी एक वाट आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असते. त्यासाठी वय आधार कार्डावरून धरले जाते. आधारवर जन्माचे केवळ वर्ष किंवा चुकीची तारीख असेल तर ती दुरुस्ती आधी करा. गुडघा बदलण्यासारखी शस्त्रक्रिया ठरवून करायची असते, दोन-तीन आठवडे हाताशी असतात. ते कागदांसाठी वापरा आणि निवडलेले रुग्णालय अस्थिरोगाच्या याच उपचारासाठी अंगीकृत आहे का, हे स्वतंत्रपणे विचारा. एखादे रुग्णालय योजनेत असते, पण सगळ्याच विभागांसाठी नसते.

प्रश्न : माझी सून माहेरच्या कार्डावरच आहे, आमच्या सिन्नरच्या कार्डावर तिचे नाव चढलेले नाही. आठव्या महिन्यात बाळंतपण झाले, बाळ काचेच्या पेटीत आहे. बाळाचे नाव कोणत्याच कार्डावर नाही म्हणून रोजचे बिल भरावे लागत आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता म्हणून आपल्याला फोनवर कळवले आहे. इतरांच्या उपयोगासाठी येथे लिहिते.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे नाव शिधापत्रिकेवर असणे शक्यच नसते, हे योजना तयार करणाऱ्यांना माहीत होते. म्हणून बाळाचा जन्मदाखला, आई किंवा वडील यांच्यासोबतचा बाळाचा फोटो आणि त्या पालकाचे नाव असलेली शिधापत्रिका, एवढ्यावर नोंद होते. तुमच्या मुलाचे नाव तुमच्या कार्डावर आहे, मग वडिलांबरोबरचा फोटो पुरेसा आहे. सुनेचे नाव कोठे आहे याचा बाळाच्या नोंदीशी संबंध नाही. जन्माची नोंद रुग्णालय स्वतःच पाठवत असते, तेव्हा दाखला लवकर मिळावा म्हणून त्याच खिडकीवर आग्रह धरावा.

सुनेचे नाव मात्र या निमित्ताने नीट करून घ्या. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि आधार घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागतो. मुलगी सासरी गेल्यावर हे काम ‘होईल सावकाश’ म्हणून राहून जाते आणि पहिल्या बाळंतपणात आडवे येते, असे मी इतक्या घरांत पाहिले आहे की लग्नपत्रिकेबरोबरच या अर्जाची आठवण द्यावी असे वाटते. कार्डावर बारा अंकी ऑनलाइन क्रमांक पडला आहे का, तेही त्याच फेरीत पाहून घ्या. संगणकात नसलेले कार्ड रुग्णालयाच्या पडद्यावर दिसत नाही आणि मग हातातले खरे कार्डसुद्धा निरुपयोगी ठरते.

प्रश्न : आईच्या स्तनाच्या कर्करोगावर डोंबिवलीहून मुंबईला ये-जा करून उपचार चालू आहेत. शस्त्रक्रिया योजनेतून झाली. आता एका औषधाविषयी ‘हे पॅकेजमध्ये नाही’ म्हणतात, आणि एका तपासणीसाठी धर्मादाय रुग्णालयात गेलो तर ‘आमच्याकडे योजना नाही’ म्हणाले. आम्ही दोन भाऊ खासगी नोकरीत आहोत, पण वेतन बेताचे आहे.

उत्तर : येथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय वाट दिसत नाही.

औषध पॅकेजमध्ये नसणे हे खरे असू शकते. योजनेची उपचारयादी मोठी आहे, २०२३ च्या निर्णयात तिच्यात १,३५६ उपचार होते आणि ती वेळोवेळी बदलते, पण तिला सीमा आहे. काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले असतात. खासगी रुग्णालयात ‘नाही’ ऐकावे लागलेला उपचार जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात योजनेतून मिळतो, असेही होते. म्हणून ‘नाही’चे कारण नेमके विचारा. औषध यादीतच नाही, की या रुग्णालयासाठी नाही, की मंजुरीचा प्रस्ताव पाठवला आणि फेटाळला गेला, की प्रस्ताव पाठवलाच नाही? या चार कारणांचे उपाय वेगवेगळे आहेत. प्रस्ताव एखाद्या तपासणीचा अहवाल जोडला नाही म्हणून परत आला असेल तर तो अहवाल जोडून पुन्हा पाठवता येतो, आणि माझ्या अनुभवात अडलेल्या फायलींपैकी पुष्कळ फायली याच कारणाने अडलेल्या असतात. कारण आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. तो लिहून देण्यास कचरत असेल तर तुम्ही स्वतः अर्जात लिहा की ‘आज अमुक वाजता मला असे सांगण्यात आले’, आणि त्यावर पोच मागा.

धर्मादाय रुग्णालयाचे उत्तर अर्धवट होते. फुले योजना त्यांच्याकडे नसेलही, पण त्यांच्यावर दुसरे बंधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी टाकावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये आहे. पुराव्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका चालते. आपण दोघे भाऊ वेगळे राहत असाल तर आई ज्या कुटुंबात आहे त्याच कुटुंबाचा दाखला काढा. रुग्णालयात गेल्यावर ‘योजना आहे का’ असे न विचारता ‘निर्धन रुग्ण निधीसाठी अर्ज द्यायचा आहे, समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचे आहे’ असे म्हणा. मागणीचा शब्द बदलला की खिडकी बदलते.

तिसरी गोष्ट पैशांच्या इतर स्रोतांची. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत, परळच्या टाटा रुग्णालयातसुद्धा, वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय कक्ष, विश्वस्त निधी, औषध कंपन्यांचे सवलत कार्यक्रम यांचे अर्ज कोणत्या क्रमाने करावेत हे तेथील समाजसेविका रोज हाताळत असतात. मुख्यमंत्री निधीसाठी खर्चाचे अंदाजपत्रक उपचारापूर्वी सादर करायचे असते. आधी उपचार उरकून मग अर्ज करणारी अनेक कुटुंबे येथे कायमची अडकतात.

प्रश्न : आम्ही निपाणी भागातले मराठी भाषक. महाराष्ट्राच्या योजनेचा आम्हाला काही उपयोग आहे काय?

उत्तर : आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील १२ तालुक्यांतील ८६५ गावांना ही योजना लागू केली. कर्नाटक सरकारने त्यास विरोध केला आणि त्यामुळे प्रत्यक्ष नोंदणीत अडथळे आले, म्हणून कागद सीमेपलीकडे जमवण्यापेक्षा कोल्हापूर बाजूच्या अंगीकृत रुग्णालयातील योजनेच्या कक्षात आपले गाव यादीत आहे का, हे रुग्ण हलवण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. केंद्र सरकारच्या पाच लाखांच्या आयुष्मान भारत योजनेत आपल्या कुटुंबाचे नाव कर्नाटकातून असेल तर ते कार्डही देशभर चालते. त्याचा मदत क्रमांक १४५५५ आहे.

प्रश्न : मी नांदेडला समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारी रुग्णालयात आजोबांसोबत महिनाभर राहिलो, तेव्हा इतरांचे अर्ज लिहून देत होतो. रुग्णमित्र म्हणून काम करावेसे वाटते. त्यासाठी काय शिकावे लागेल?

उत्तर : आपण ते काम सुरू केलेच आहे. आजोबांच्या खाटेशेजारी बसून दुसऱ्याचा अर्ज लिहिणे, हीच या कामाची पहिली पायरी.

एक फरक आधी समजून घ्या. आरोग्यमित्र हा योजनेचा नेमलेला माणूस आहे. त्याचे टेबल रुग्णालयात असते, त्याच्याकडे संगणक आणि प्रवेशाचा पासवर्ड असतो. रुग्णमित्राकडे यातले काही नसते, तो केवळ रुग्णाच्या बाजूने उभा असतो. म्हणून आरोग्यमित्राशी भांडून त्याला शत्रू करू नका. त्याच्यावर अनेकदा दोन्हीकडून दाब असतो, आणि एका टेबलावर दिवसभर रांग असलेला माणूस प्रत्येकाला सविस्तर समजावू शकत नाही. त्याचे समजावण्याचे काम तुम्ही वाटून घेतले तर तोच तुम्हाला अडलेली फाईल कोठे अडली ते सांगेल.

शिकायच्या गोष्टींत सर्वांत आधी कागद येतात. शिधापत्रिका, आधार आणि केसपेपर या तिन्हींवर नाव एकसारखे आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्या. ‘लक्ष्मीबाई’ एकीकडे आणि ‘लक्ष्मी’ दुसरीकडे, किंवा वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव, एवढ्यावरून मंजुरी थांबते, आणि ते डॉक्टरांच्या लक्षात येण्याआधी तुमच्या लक्षात आले तर तीन दिवस वाचतात. दुसरी गोष्ट वेळेची. रुग्ण दाखल होतो तो पहिला तास सर्वांत मोलाचा असतो, कारण त्याच तासात तो योजनेचा रुग्ण म्हणून नोंदला जाईल की पैसे भरणारा म्हणून, हे ठरते, आणि एकदा दुसऱ्या रकान्यात गेलेला रुग्ण पहिल्यात आणणे फार अवघड जाते. तिसरी गोष्ट डिस्चार्जची. घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासणी पॅकेजमध्ये असते, हे नातेवाइकांना निघताना सांगा. दमलेली माणसे दवाखान्याच्या दारातून बाहेर पडताना मागे वळून काही विचारत नाहीत.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेली रुग्णहक्कांची सनद वाचा, तिच्यात १७ हक्क आहेत. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेली दुरुस्तीही वाचा. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचे बंधन त्या दुरुस्तीने आले. वॉर्डात बोलताना कलमे फेकू नका, पण अर्ज लिहिताना त्यांचा आधार घ्या.

काही गोष्टी कधीही करू नका. रुग्णाकडून पैसे घेऊ नका, अगदी झेरॉक्सचे पैसे घेतलेत तरी पावती दाखवा, कारण मोठ्या रुग्णालयांच्या फाटकाबाहेर ‘योजनेचे काम करून देतो’ म्हणणारे दलाल असतात आणि गावाकडच्या माणसाला तुमच्यात आणि त्यांच्यात फरक कळायला दुसरी खूण नसते. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याच्या आजाराची माहिती, फोटो किंवा कागद समूहावर पाठवू नका. मदत मागण्यासाठी पाठवलेला एखाद्या मुलीचा केसपेपर तिच्या गावात फिरल्यावर काय होते, ते मी पाहिले आहे आणि तो अनुभव कोणाच्याही वाट्याला येऊ नये. ‘मंजुरी नक्की येईल’ असा शब्द देऊ नका. उपचार कोणता घ्यावा हे सांगू नका. तो डॉक्टरांचा आणि रुग्णाचा विषय आहे.

सुरुवातीला एकच रुग्णालय धरा. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, आणि एक वही. वहीत प्रत्येक कुटुंबाचे गाव, कार्डाचा रंग, कोणत्या खिडकीवर काय सांगितले गेले आणि शेवटी काय झाले, एवढेच लिहा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन योजनेच्या जिल्हा समन्वयकांना भेटा. एकाच कारणाने पंधरा माणसे परत गेली असतील तर ते कारण त्यांना वहीतून दाखवता येईल. आपले महाविद्यालय क्षेत्रकार्यासाठी हे रुग्णालय मान्य करते का, हेही विभागप्रमुखांना विचारा, म्हणजे प्रवेशद्वारावरचा सुरक्षारक्षक आपल्याला रोज अडवणार नाही.